विद्यार्थ्यांच्या पर्यावरण प्रकल्पांना विद्यापीठाचा निधी : कोकणातल्या कॉलेजांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती झाले, चाकरमानी परतले की आमच्या स्टाफरूमच्या दारात दोन-तीन जणांचा घोळका उभा राहतो. "मॅडम, आम्हाला कांदळवनावर (खारफुटीवर) काहीतरी करायचंय. विद्यापीठ पैसे देतं म्हणे." देतं, पण सगळी गोम त्या 'म्हणे'त आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता असे अर्ज भरून घेणं, पैशांची वाट पाहणं आणि मग हिशेब जुळवत बसणं हे माझं जोडकाम झालंय. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांचा अनुभव यात जास्त आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचा कारभार वेगळा आहे. दापोलीबद्दल पुढे एक वेगळा प्रश्न आहे.

विद्यापीठात 'हवामान प्रकल्प निधी' नावाचं काही असतं का?

त्या नावाची पाटी शोधत फिरू नका. परदेशात काही ठिकाणी अशी पाटी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात २००७ साली विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन स्वतःच्याच फीमध्ये दर सत्राला ५ डॉलरची भर घालून घेतली आणि त्यातून 'ग्रीन इनिशिएटिव्ह फंड' उभा राहिला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विद्यार्थी जेवढे देतात तेवढीच भर विद्यापीठ घालतं. फी वाढवा म्हणून मुलांनीच मत द्यायचं, ही गोष्ट आमच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून हसण्याचा जो आवाज आला तो अजून कानात आहे.

आपल्याकडे पैसे असतात, पण वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास, आजीवन अध्ययन व विस्तार, संशोधन, नवोपक्रम अशी निरनिराळी मंडळं आहेत. तुमचा प्रकल्प एकच असला तरी तो कोणत्या मंडळाच्या भाषेत मांडायचा हे आधी ठरवावं लागतं. खाडीकाठचा प्लास्टिक कचरा मोजणं हे एका ठिकाणी 'संशोधन' असतं, दुसऱ्या ठिकाणी 'विस्तारकार्य' आणि तिसऱ्या ठिकाणी 'श्रमसंस्कार शिबिर'. यात फसवणूक नाही. एकाच आंब्याचं लोणचंही होतं आणि पन्हंही.

मग नक्की कुठे कुठे विचारायचं?

पहिली पायरी एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ पासून चालू आहे, बहुतेक कॉलेजांत आहे आणि तिला नियमित अनुदान असतं. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. शिबिरासाठीचा पैसा वेगळा येतो. नवा अर्ज, नवी समिती, नवं सादरीकरण यांतलं काहीच न करता तुमचं काम ज्यात बसवता येईल अशी ही एकमेव जागा आहे. तरीही मुलं सगळ्यात शेवटी तिकडे वळतात, कारण एनएसएस म्हटलं की त्यांना फक्त झाडू आठवतो.

मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे १२० तासांचे विस्तारकार्याचे प्रकल्प असतात. त्यात हातात पैसे कमी आणि गुण जास्त. शिक्षकांसाठी विद्यापीठाचे लघु संशोधन प्रकल्प असतात. अर्ज शिक्षकाच्या नावाने जातो, पण प्रत्यक्ष नोंदी घेणारे हात तुमचे असू शकतात. तुमच्या कॉलेजला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना मिळाली असेल तर विज्ञानाच्या पदवीच्या मुलांच्या छोट्या प्रकल्पांना त्यातून साहित्य मिळतं. कॉलेज उन्नत भारत अभियानात (कॉलेजांना गावांशी जोडणारी केंद्राची योजना) असेल तर किमान पाच गावं दत्तक घेतलेली असतात. ती कोणती, हे कधीतरी ऑफिसात विचारून बघा. कधी कधी ऑफिसलाही फाइल उघडूनच सांगावं लागतं.

आणि कॉलेजचा स्वतःचा खिसा. फीच्या पावतीवर ॲक्टिव्हिटी, विद्यार्थी कल्याण असे जे कप्पे असतात ते तुमच्याच पैशांनी भरलेले आहेत. प्राचार्यांना भेटायला जाताना नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, सातवा निकष वाचून जा. त्यात ऊर्जा, पाणी, कचरा, हरित परिसर या सगळ्याचे पुरावे मागितलेले असतात. नॅकची समिती यायची असली की चार हजार रुपयांचा प्रकल्प चार मिनिटांत मंजूर होतो, हे मी स्वतः पाहिलंय.

'आविष्कार' स्पर्धेतून पैसे मिळतात का?

प्रकल्पासाठी आगाऊ पैसे मिळत नाहीत. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. पदवी, पदव्युत्तर, संशोधक अशा पातळ्या आणि सहा विषयगट असतात. कामाच्या शेवटी तिथे जायचं, सुरुवातीला नाही. मात्र आविष्कारमध्ये विद्यापीठ पातळीपर्यंत गेलेल्या पोस्टरचा फोटो पुढच्या वर्षीच्या अर्जाला लावला की त्या अर्जाचं वजन वाढतं.

पैसे आमच्या बँक खात्यात जमा होतात का?

नाही. पैसे कॉलेजच्या खात्यात येतात, मार्गदर्शक शिक्षकाच्या जबाबदारीवर खर्च होतात आणि तुम्ही मागणीपत्र देता. सरकारी पैशाला वाली लागतो आणि तुम्ही तीन वर्षांत निघून जाता, म्हणून ही व्यवस्था. त्यामुळे विषयाच्या आधी शिक्षक निवडा. विषयातला पंडित नसला तरी चालेल. ऑफिसात जाऊन क्लार्कशी दोन शब्द गोड बोलणारा आणि रविवारी गावात यायला तयार असणारा शिक्षक शोधा.

अर्ज कधी करायचा?

याचं उत्तर लांबणार आहे, कारण कोकणातले प्रकल्प इथेच मरतात.

विद्यापीठाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. परिपत्रकं पावसाळ्याच्या उत्तरार्धात निघतात, छाननी दिवाळीच्या मागेपुढे होते, मंजुरीची पत्रं नव्या वर्षात येतात आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो. निसर्गाचं वेळापत्रक याच्याशी कुठेच जुळत नाही. वनराई बंधारा (मातीने भरलेल्या पोत्यांचा कच्चा बांध) घालायचा तर पाऊस थांबल्यावर, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी वाहतं असतानाच घालायला हवा. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, फार तर डिसेंबर. कांदळाच्या शेंगा गोळा करायच्या तर भर पावसाळ्यात. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी निघतात. आंब्याचा मोहोर थंडीवर अवलंबून, त्याला कुणाचं परिपत्रक लागू होत नाही. मच्छीमारांशी बोलायचं तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, तेव्हा ते घरी जाळी विणत बसलेले असतात. नारळी पौर्णिमेनंतर गेलात तर घरात फक्त आजी भेटेल.

एका वर्षी आमचा वनराई बंधाऱ्यांचा प्रस्ताव मंजूर झाला. पत्र आलं फेब्रुवारीच्या मध्यावर. मुलं हरखली. आम्ही सगळे मिळून गावात गेलो तर पऱ्यात पाणी नव्हतंच, गोटे उन्हात पडले होते आणि त्यावर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. ज्या कार्यालयाने पत्र पाठवलं तिथे फोन केला, पुढच्या हंगामात खर्च करू का म्हणून विचारलं. उत्तर मिळालं की नाही, पैसे ३१ मार्चला परत जातील. गेले.

तेव्हापासून मी एकच करते. पहिल्या वर्षी पैशाशिवाय होणारा भाग करून घ्यायचा आणि त्याच्या नोंदींवर पुढच्या हंगामाचा अर्ज घालायचा. म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना सुरुवात, तिसऱ्या वर्षाला पैसे. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने सप्टेंबरात येऊन 'या वर्षी बंधारा घालायचाय' म्हटलं तर मी त्याला सरळ एनएसएसच्या शिबिरात पाठवते. शिबिर डिसेंबरात असतं, पऱ्याला पाणी असतं आणि अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पैसे हवेतच असतील तर असा विषय घ्या ज्याचा खर्च जानेवारी ते मार्चमध्ये करता येतो: विहिरींची पातळी, पाण्याची तपासणी, काजूच्या बोंडांचा हिशेब, मोहोराच्या आणि फळधारणेच्या नोंदी.

किती रक्कम मागावी?

कमी मागा आणि जे मागाल त्याचा जमाखर्च तोंडपाठ ठेवा. छाननी समितीसमोर बसलेल्या माणसाने ड्रोन, लॅपटॉप आणि कॅमेरा मागणारे अर्ज सकाळपासून पाहिलेले असतात.

वनराई बंधाऱ्याचंच उदाहरण घ्या. रिकामी सिमेंटची पोती गावातल्या बांधकामावरून मिळतात, माती तिथलीच, श्रम तुमचे. विकत काय घ्यावं लागतं? दाभण, सुतळी, दोन-चार फावडी-घमेली, पिकअपचं भाडं, चहा-वडापाव. इतक्यावर अर्ज केलात तर समिती विचारेल, मग यात प्रकल्प कुठे आहे? प्रकल्प आहे मोजमापात. बंधाऱ्याच्या जवळच्या दोन विहिरी घ्या आणि बंधाऱ्याचा परिणाम पोहोचणार नाही अशा अंतरावरची तिसरी. दोरीला वजन बांधा, हातभर अंतरावर खुणा करा आणि दर रविवारी तिन्ही विहिरींत सोडून पाण्याची खोली लिहा. बंधारा घालण्याआधीचे किमान चार रविवार आणि नंतर मे महिन्यापर्यंत. जांभ्याच्या सड्याखालच्या (खडकाळ पठाराखालच्या) विहिरी जूनमध्ये काठापर्यंत भरतात आणि मार्च-एप्रिलला तळ दाखवतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बंधाऱ्याने तो तळ किती आठवडे पुढे ढकलला हे मात्र कुणीही लिहून ठेवलेलं नसतं. तिसरी विहीर नसेल तर तुमच्या वहीला अर्थ नाही. त्या वर्षी पाऊसच लांबला असं कुणी म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

म्हणून अंदाजपत्रकात प्रवासाला सढळ हाताने लिहा. इतक्या सगळ्या रविवारांचं एसटीचं तिकीट हा तुमच्या प्रकल्पाचा खरा खर्च आहे आणि नेमका तोच मुलं विसरतात.

बिलं कशी ठेवायची? गावात कुणी बिल देत नाही.

कोकणातल्या प्रकल्पांचा दुसरा बळी इथे जातो. होडीवाला बिल देत नाही, जेवण करून घालणाऱ्या काकू बिल देत नाहीत, पिकअपवाला हसतो. अशा वेळी कॉलेजच्या छापील व्हाउचरवर रक्कम, कारण, तारीख, नाव आणि सही घ्या. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं. व्हाउचर त्याच दिवशी भरा. पंधरा दिवसांनी त्या काकूंना शोधत जायचं म्हणजे दुसरी सहल, आणि तिचं बिल तर त्याहून मिळत नाही.

दुकानातून घेतलेल्या वस्तूंना जीएसटीचं बिल घ्या आणि ते कॉलेजच्या नावाने घ्या, स्वतःच्या नव्हे. मोठ्या खरेदीला तीन कोटेशनं मागतात. खाडीपलीकडच्या गावात हार्डवेअरचं दुकान एकच असतं, त्यामुळे उरलेली दोन तालुक्याहून आणावी लागतात. टिकाऊ वस्तू, म्हणजे पीएच मीटर, वजनकाटा, पर्जन्यमापक, कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवाव्या लागतात. प्रकल्प संपल्यावर त्या घरी नेता येत नाहीत. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, जातं. केंद्राच्या योजनेचा पैसा असेल तर त्याचा ठरलेला नमुना असतो आणि लेखापरीक्षकाची सही लागते. ते गेलं नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या मागून येणाऱ्यांचा अर्ज अडतो. मुलांना हे पटत नाही, पण माझ्या टेबलावर असे दोन अडकलेले अर्ज आहेत.

कांदळवन लागवडीला पैसे मिळतात का? फोटो छान येतात.

फोटो येतात हे खरं. आमच्याकडे तिवर, चिप्पी, कांदळ, मारांडी असे कितीतरी प्रकार आहेत आणि पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केलंय. पण जिथे मोकळा चिखल आहे तिथे झाडं लावायची म्हणजे ती जागा रिकामी होती असं धरून चालायचं. त्या चिखलात शिंपले, खेकडे असतात, ओहोटीला पक्षी तिथे चरतात आणि गावातल्या बायका तिथे तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढतात. जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि भराव किंवा बांधामुळे पाणी येणं बंद झालं, तिथे पाण्याची वाट मोकळी केली तर बऱ्याचदा झाडं आपोआप येतात. विद्यार्थ्यांनी लावण्यापेक्षा मोजावं, हे माझं मत. गेल्या वर्षी लावलेल्यांतली किती जगली हे सांगणारा प्रकल्प माझ्याकडे आला तर मी त्याला पहिला क्रमांक देईन. अजून कुणी आणला नाही.

परवानगी लागते का?

कांदळवनात, हो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. नुसतं निरीक्षण करायचं असलं तरी लेखी कळवा. नमुने तोडायचे असतील तर परवानगीशिवाय एक पानही तोडू नका.

कासवांच्या बाबतीत नियम आणखी कडक. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, अंड्यांना हात लावणं हा गुन्हा आहे. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. आज अनेक किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे गस्त घालतात. त्यांच्या वहीत तारीख, घरटं, अंडी सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही त्यांच्याबरोबर चाला, वाळूचं तापमान नोंदवा (पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं) आणि घरट्याचं काम त्यांच्यावर सोडा. जाळ्यात अडकलेलं संरक्षित जलचर सोडवताना जाळं कापावं लागलं तर वन विभाग मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतो. ही योजना किती जणांना माहीत आहे, एवढं एका बंदरावर विचारून आलात तरी तो प्रकल्प झाला.

खाडीत उतरायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि बरोबर गावातला एक माणूस. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली मुलं बुडाली, त्यानंतर प्राचार्य समुद्राच्या नावानेच दचकतात. त्यांना दोष देऊ नका. कागद नीट करून न्या.

आम्हाला पावसाचं पाणी साठवायचंय. कॉलेजच्या छतावर टाकी बसवायला निधी मिळेल?

आधी हिशेब करा. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटर किंवा जास्तच पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छतावर ३ लाख लिटर, गळती-उडती धरून अडीच लाखाच्या आसपास. ऐकायला भारी वाटतं. पण जुलैतल्या एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर कोसळतो आणि १०,००० लिटरची टाकी त्या एकाच दिवसात भरते. उरलेले तीन महिने ती भरलेलीच असते आणि पाणी लागतं एप्रिलमध्ये. १०,००० लिटर हॉस्टेलला किती दिवस पुरतील ते तुम्हीच मोजा. त्यामुळे टाकीचा अर्ज मी सहसा पुढे पाठवत नाही. छताचं पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायचं, आणि मग वर सांगितलेली दोरी घेऊन विहीर मोजायची, यासाठी पाठवते. पाणी जमिनीत टिकतं की दोन दिवसांत जांभ्यातून खाली निघून जातं हे जागेवर अवलंबून आहे, आणि तेच शोधायचंय.

कॉलेजातली वीज वाचवण्याचा प्रकल्प चालतो का? तो फार साधा वाटतो.

साधा आहे म्हणूनच चालतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३०-३५. फरक ४० वॅट धरा. दिवसाला ८ तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे पंख्यामागे ६४ युनिट. ५० पंखे बदलले तर ३,२०० युनिट. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे सव्वादोन टन. एवढं गणित एका पानावर बसतं आणि वाचवलेल्या बिलातून पुढचे पंखे घेता येतात. संस्थाचालकांना 'हवामान बदल' या शब्दाने झोप लागते, 'वीजबिल' या शब्दाने जाग येते.

प्रकल्पाचे क्रेडिट मिळतात का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प आले आहेत. २ क्रेडिट म्हणजे साधारण ६० तास. एकच काम क्रेडिटसाठी आणि निधीसाठी दाखवता येतं का, हे विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या. तोंडी 'हो' परीक्षा विभागात चालत नाही.

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात आहे. माझ्यासाठी वेगळं काही?

तुमची परिस्थिती बरी आहे, कारण तुम्हाला गावात राहायलाच पाठवतात. शेवटच्या वर्षाच्या 'रावे'मध्ये (ग्रामीण कृषी कार्यानुभवात) तुम्ही शेतकऱ्याच्या दारात असता, तेव्हाच नोंदी सुरू करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड ते दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न यायला सहा-आठ वर्षं जातात, म्हणजे त्या बागा आत्ता कुठे हाताशी येत आहेत. कुणी काय लावलं, वाऱ्याच्या बाजूला काय लावलं, कुणी बाग सोडून मुंबई गाठली, हे विचारायला याहून चांगली वेळ नाही. आणि काजूचं बोंड. बीपेक्षा कैक पटींनी जड असलेलं ते फळ बी काढून बागेतच टाकतात. त्याचं काय करावं यावर दर वर्षी एक तरी प्रकल्प येतो आणि दर वर्षी तो सरबतावर थांबतो. एका बागेत हंगामात किती किलो वाया जातं हे आधी तोला, सरबत नंतर करा.

एखाद्या कंपनीकडून सीएसआरचे (सामाजिक जबाबदारीचे) पैसे आणले तर?

आणता येतात. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो आणि पर्यावरण त्या यादीत आहे. पण पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे ती आहे का, हे आधी बघा.

शिवाय एक खुला प्रश्न स्वतःला विचारा. ज्या कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल गाव तक्रार करतं, त्याच्याच पैशातून त्या गावाच्या खाडीचं पाणी तपासणार का? आमच्या मुलांनी यावर एक अख्खी दुपार भांडून घालवली आणि शेवटी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या गटाने दुसऱ्या कामासाठी दुसऱ्या कंपनीकडून घेतले. दोन्ही निर्णय मला पटले.

प्रकल्प फसला तर पैसे परत द्यावे लागतात का?

खर्च झालेले द्यावे लागत नाहीत, न खर्चलेले द्यावे लागतात. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं, तेव्हा कित्येकांची कपाटं, वह्या, संगणक पाण्यात गेले. अशा वेळी मुदतवाढीचं पत्र लगेच द्यावं, सहा महिन्यांनी नव्हे. आणि 'फसला' म्हणजे काय ते नीट लिहा. बंधारा जानेवारीत फुटला असेल तर कोणत्या बाजूने फुटला, पोती कुजली की खालची वाळू वाहून गेली, हे अहवालात यायला हवं. समितीवरचा एखादा जुना माणूस तेवढंच पान वाचतो.

अर्ज मराठीत चालतो का?

कॉलेज आणि एनएसएस पातळीवर चालतो. केंद्राच्या योजनांचे अर्ज संकेतस्थळावर इंग्रजीत भरावे लागतात. पण गावात वाटायचा अहवाल मराठीतच काढा आणि ग्रामपंचायतीला एक प्रत द्या. पंचायत राज्याच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात असेल तर त्यांना पाण्याच्या, झाडांच्या नोंदी दाखवायच्याच असतात. तुमची वही त्यांना उपयोगी पडते आणि पुढच्या वेळी सरपंच स्वतःहून जेसीबी देतात.

आम्ही पास होऊन गेल्यावर पुढे काय?

आमच्याकडे एक पर्जन्यमापक आहे, कधीच्या तरी बॅचने घेतलेला, डेडस्टॉकला चढवलेला. ती मुलं गेली, त्यांच्या मागची पण गेली. दोन पावसाळे त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मग एका सकाळी आमच्या शिपाई मामांनी मला वही दाखवली. कॉलेज उघडायला ते साडेसातला येतात, तेव्हा भांडं बघून आकडा लिहून ठेवत होते, सुट्टीच्या दिवशीही. 'कुणी इचारलं नाय म्हणून दाखवलं नाय,' म्हणाले. त्यामुळे अर्जात 'प्रकल्पानंतरची देखभाल' असा रकाना असतो तिथे आता मी मुलांना माणसाचं नाव लिहायला सांगते, समितीचं नाही. आणि त्या माणसाला आधी विचारून या.